नाकातलं तूप

लहान मुलाच्या नाकात तपासणीची काडी घालायची म्हटली की आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना अचानक दुसरी कामं आठवतात. मग उरते मी. तोंडाळ आहे पण हात हलका आहे, असं इथे सांगलीत माझ्याबद्दल बोलतात. बोलोत बापडे.

त्या सकाळी जतकडची एक आजी चार वर्षांच्या नातीला घेऊन आली. पोरीला ताप आणि खोकला, घरी तिचा तान्हा भाऊ, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं बारसं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिच्यात विषाणू निघाला तर बाळाच्या वाऱ्यालासुद्धा उभी करू नका, त्याला ते झेपायचं नाही.

काडी बघूनच पोर आजीच्या पदरात शिरली. म्हटलं, सोपा मार्ग धरू. नाकपुडीत जरा आत काडी फिरवायची, पोरांना गुदगुल्या होतात, बास. फिरवली, तर काडी बाहेर आली ती चकचकीत.

"आजी, नाकात काय घातलंय?"

"गाईचं तूप. सर्दीला लय गुण येतो बाई. निघतानाच सोडलंय."

"अहो, मग मी विषाणू तपासू का तूप?" मी फणकारले.

आजी कसनुशी हसली. मला मात्र हसू येईना. तुपामुळे तपासणी चुकली असती, 'काही नाही' असा कागद हातात पडला असता आणि पोर खुशाल बाळाला मांडीवर घेऊन बसली असती. घशातून नमुना घ्यावा, तर पोरीनं नुकताच बिस्किटाचा पुडा संपवलेला, ओकलीच असती. राहिली नाकातून तुपाच्याही पलीकडे, पार मागपर्यंत जाणारी बारीक काडी. मुलांना ती घालायला मला मुळीच आवडत नाही. पण खात्री हवी होती.

आजीनं नातीचं डोकं छातीशी घट्ट धरलं. काडी आत गेली आणि पोरीनं असा टाहो फोडला की बाहेरचे रिक्षावाले आत डोकावले.

तासाभरानं कळलं, विषाणू होता. आजी बाकावर टेकली. मग नातीला जवळ ओढून म्हणाली, "तुला मावशीकडं ऱ्हायाचं हाय. बाळाजवळ आत्ता न्हाई जायाचं."

पोर रडली नाही. नाक पुसत माझ्याकडे बघत राहिली.

"बाळाला सांगा," ती म्हणाली, "मला सुई टोचली तरी मी रडले न्हाई."

सुई कुठली, आणि न रडणं कुठलं! पण मी म्हटलं, "सांगते हं."