सोनेरी कार्ड संपल्यावर

पुण्याच्या विमानतळावर आज मी साध्या रांगेत उभा होतो. शेजारच्या, सोनेरी कार्डवाल्यांच्या छोट्या रांगेत एकच गृहस्थ होते. बॅगेला विमान कंपनीची सोनेरी पट्टी, नजर फोनवर आणि ओठ पुटपुटत होते. ते काय मोजत होते, हे मला न विचारताच कळलं: सतत उडणाऱ्यांना मिळणारं ते कार्ड टिकवायला वर्षअखेरपर्यंत आणखी किती उड्डाणं हवीत!

गेल्या वर्षी मीही तेच मोजत होतो. एकाऐवजी दोन उड्डाणं मोजली जावीत म्हणून नागपूरला ताईकडे थेट न जाता दिल्लीवरून गेलो. सकाळी निघालो आणि दिवेलागणीला पोचलो. तिने दुपारी झाकून ठेवलेलं ताट गार झालं होतं. "एवढा मान मिळतो, मग दमलेला का दिसतोस रे?" तिने विचारलं.

यंदा कार्ड संपू दिलं. हात अजून सवयीने खिशाकडे जातो, पण छातीवरचा धोंडा उतरलाय. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती, तेवढ्यात ताईचा फोन आला.

"पोळ्या कधी टाकू?"

"थेट येतोय. एक वाजता टाक."

कित्येक वर्षांनी मी तिला जेवणाची वेळ सांगत होतो.