काजू आणि रवळनाथाची पालखी

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधीचे पंधरा दिवस माझा जप एकदाही धड पुरा झाला नाही. देवासमोर बसायची, माळ हातात घ्यायची, आणि कान मात्र पडवीकडे. तिकडे जरा काही हललं की माळ तशीच टाकून धावायची. बहुतेक वेळा उशीर झालेलाच असायचा. लादीवर मुताचं थारोळं आणि बाकड्याखाली अंग चोरून बसलेला काजू. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. ज्या तोंडाने आत्ता देवाचं नाव घेतलं त्याच तोंडाने मी असं काही बोलायची की माझी मलाच लाज वाटायची, पण थांबता यायचं नाही.

काजू म्हणजे आमचा कुत्रा. भाजलेल्या काजूच्या रंगाचा, अंगाने लांबोडका, आणि पाय इतके आखूड की पोट जमिनीला घासेल असं वाटावं. याला डॅशहंड म्हणतात, हे पुढे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही तोंडवलीला सुकी मासळी आणायला गेलो होतो, तेव्हा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीखाली तो सापडला. कोणी फिरायला आलेले सोडून गेले, असं तिथले लोक म्हणाले. गळ्यावर पट्ट्याचा वळ होता. केरसुणी उचलली, दार आपटलं, नुसतं कोणी खोकलं तरी तो थरथरायचा आणि जागच्या जागी सोडायचा. पदराखाली घालून घरी आणला तेव्हा मला वाटलं होतं, केवढं पुण्य पदरी पडलं. आठवड्याभरातच जीव मेटाकुटीला आला.

शिमग्यात आमच्या गावदेवाची, रवळनाथाची पालखी घरोघर फिरते, आणि आमच्याकडे ती पडवीत विसावते. काजूने धरलेली जागा नेमकी तीच. आमचे हे तसे शांत माणूस, पण त्यांनीही हात टेकले. म्हणाले, "पालखी येवच्या आधी ह्याची सोय लाव गो. देवाच्या जाग्यार मुतलो तर माका गावात तोंड दाखवक जागा उरूची नाय." सोय म्हणजे देवगडला त्यांच्या मावसभावाच्या हापूसच्या बागेत राखणीला पाठवायचा. तिथे कुत्रे साखळीला असतात आणि माकडं हाकलायला दिवसभर फटाके वाजतात. केरसुणीला भिणारा जीव तिथे किती दिवस जगला असता?

मी माझ्या परीने सगळं केलं. ओरडले. एकदा त्याचं नाक त्यात घासलं, हे लिहिताना आजही वाईट वाटतं. आणि दर वेळी जागा स्वच्छ पुसून वर गोमूत्र शिंपडलं, पालखीच्या जागेला विटाळ नको म्हणून. तो पुन्हा तिथेच करायचा, मी पुन्हा शिंपडायची. घरात बाटल्यांवर बाटल्या संपत होत्या.

शेवटी सोमवारी देवळात गेले. लोक मुलाबाळांसाठी, आजारपणासाठी गाऱ्हाणं घालतात. कुत्र्यासाठी कुठल्या तोंडाने सांगायचं? दोनदा पायरीवरून मागे फिरले. गुरव मात्र हसले नाहीत. त्यांनी नारळ हातात घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या बाईच्या घरात एक मुको जीव इलो आसा. त्याच्या मनात जां काय भिया आसात, तां भायर काढ, आणि त्याका वाट दाखव रे म्हाराजा!" एरवी गाऱ्हाण्याला मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायला दहाजण असतात. त्या दिवशी मी एकटीच होते. ते दोन शब्द मी एकटीनेच हात जोडून म्हटले.

दुसऱ्या दिवशी काजूने एकदा नाही, दोनदा घाण केली. देवाचाही राग आला.

त्याच्या पुढच्या सकाळी मासेवाली आली. नेहमीच्या बाईला ताप होता म्हणून तिने आपल्या बहिणीला पाठवलं होतं. मी गोमूत्राची बाटली घेऊन पडवीत वाकले होते. टोपली उतरवता उतरवता तिने विचारलं, "ह्या काय शिंपडतंस गो बाये?" मी सांगितलं. ती हसली. "अगो, तुका तां पवित्र, पण त्याच्या नाकाक तां मूतच. रोज तूच त्याका सांगतंस, हयसरच कर म्हणान."

मी बाटलीला बूच लावलं आणि ती बाजूला ठेवली.

ती म्हणाली, "शिरको घालून पूस, वास जांवदे. जेवलो की लगेच एकाच झाडाकडे घेवन जा. आणि उभ्यान आरडा नको. त्याका तुझे नुसते पाय दिसतत. बस खाली." असं म्हणत ती स्वतःच जमिनीवर बसली, त्याच्याकडे न बघता, मासळीचा हात बाजूला सोडून. थोड्या वेळाने काजू बाकड्याखालून सरपटत आला आणि तिचा हात हुंगू लागला. घरात आल्यापासून तो आपणहून कोणाजवळ गेला नव्हता.

दहा दिवस उरले होते. शिरक्याने, म्हणजे माडीच्या व्हिनेगरने, मी सगळी पडवी पुसली आणि त्याचं खाणं झालं रे झालं की मागच्या माडाखाली जाऊन बसू लागले. पाचव्या दिवशी त्याने तिथे पाय उचलला तेव्हा मी वेड्यासारखी टाळ्या पिटणार होते, वेळीच आवरलं. आठव्या दिवशी पुन्हा पडवीत. पालखीच्या आदल्या संध्याकाळी हे म्हणाले, "उद्या बघूया. पण थेंब पडलो तर परवा देवगड."

पालखी आली. ढोल दारात आले. पालखी पडवीत टेकली, मी आरती घेऊन पुढे झाले, आणि आतून काजू बाहेर आला. थरथर कापत होता. पालखीसमोर थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि वळून मागच्या दाराशी जाऊन ते ओरबाडू लागला. मला सांगत होता! मी तबक यांच्या हातात कोंबलं आणि धावले. दार उघडताच तो माडाखाली पोचला आणि तिथेच मोकळा झाला. पुढे ढोल वाजत होते, देव घरात आलेला, आणि मी त्याच्याकडे पाठ करून कुत्र्याजवळ फतकल मारून बसले होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

पालखी गेल्यावर हे मागे आले. काजूकडे पाहिलं आणि म्हणाले, "देवगडाक कळवतंय, कुत्रो येवचो नाय म्हणान."

ती मासेवाली देवानेच धाडली का, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की याला सुधार म्हणून मी देवाला सांगत राहिले आणि देवाने आधी मला खाली बसवलं. शरण जाणं इतकं जमिनीजवळ असतं, हे मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं पालखी ओवाळली. ज्या वर्षी ओवाळायची राहून गेली, त्या वर्षी देव मला भेटला.