राजम्यात छोले

टेलरबाईंना वेळ वाया गेलेला मुळीच खपत नसे. दुकानात एक शर्ट संपवून दुसरा हातात घ्यायचा, ही पद्धतच त्यांना मान्य नव्हती. आधी सगळ्यांचं कटिंग, मग सगळ्या कॉलरी, मग सगळी काजं. हीच अक्कल एकदा त्यांनी स्वयंपाकघरात चालवली. रविवारी सकाळी ठाण मांडून आठवड्याचा कांदा चिरला, लसूण सोलून वाटला, राजमा नि छोले निवडून बरण्यांत भरले. सोमवारी दुकानातून आल्या आणि बघता बघता जेवण तयार! बाई स्वतःवरच बेहद्द खूश.

"आई, आता तुम्ही नुसता आराम करायचा," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

"करते हो."

आजवर सोलणं-निवडणं सासूबाईंकडे होतं. रोज संध्याकाळी परात मांडीवर घेतली की हातांबरोबर तोंडाचाही पट्टा सुरू. शेजारणीच्या जावयाची तर त्या रोज सालं काढत. आता परात फळीवर गेली आणि सासूबाई खिडकीत जाऊन बसल्या. आधी बोलणं आटलं, मग जेवण. "भूकच नाही गं," एवढंच म्हणायच्या. टेलरबाईंच्या जिवाला घोर लागला. त्यांनी टॉनिकची बाटली आणली, पण ती नुसतीच कपाटात राहिली.

अशातच एका संध्याकाळी उद्यासाठी भिजत घालायला बरणी काढली, तर राजम्यात छोले!

"तुझी घाई नडते बघ," सासूबाई टुणकन उठल्या. "आण ती परात."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आता मात्र टेलरबाई घाबरल्या. आपल्याला दिसेनासं झालं की काय? डोळेच गेले तर दुकान कसं चालायचं?

त्या धास्तीत एकदा चष्माच घरी विसरला. तो घ्यायला त्या दुपारी परतल्या, तर स्वयंपाकघरातून गुणगुण ऐकू आली. दारातून पाहिलं. सासूबाई छोल्यांची बरणी राजम्यात रिकामी करत होत्या, आणि वर हात घालून छान कालवत होत्या.

टेलरबाईंना आधी हसू फुटलं, मग एकदम भरून आलं. आराम म्हणून आपण त्यांच्या हातातलं कामच काढून घेतलं होतं. आल्या पावली त्या चष्म्याशिवायच दुकानात गेल्या आणि संध्याकाळपर्यंत नुसते कच्चे टाके उसवत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यांनी हळूच त्या बरणीत मूठभर वाटाणे टाकले.

संध्याकाळी त्या पाठमोऱ्या कांदा परतत होत्या. मागे परातीत दाणे ओतल्याचा आवाज झाला.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "घरात उंदीर झालेत."

"हो का, आई?"

"दोन आहेत. एक जुना, एक आजच आलेला." त्यांनी परात थोडी पुढे सरकवली. "गॅस बंद कर नि बस इथे. तुझे वाटाणे तू वेच. आणि ऐक, त्या जावयाने काल काय केलंय..."

त्या दिवशी जेवायला चांगलाच उशीर झाला. सासूबाईंनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.