विलायतेतली गर्दी आणि आम्ही चौघं

परदेशी जाऊन आलेल्या माणसाची एक पंचाईत असते. एक गोष्ट सांगायला बसावं, तर तिचा पदर धरून दुसरी येते, आणि दुसरीला बसायला जागा करून द्यावी तोवर तिसरी दारात उभी! आम्ही तर चौघं गेलतो. म्हणजे प्रत्येक गोष्ट चार प्रकारची. दस्तगीरभाईंच्या गोष्टीतले पोलीस तर दर वर्षी दोन-दोननं वाढतात. मी आपला कारकून माणूस, जेवढं झालं तेवढंच सांगतो. कुठं मीठ जास्त लागलंच, तर ते भाईंच्या घरचं समजा!

महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. लंडनला मोठं प्रदर्शन भरणार होतं, आणि कोल्हापुरातून तिघांना आपापली कला घेऊन पाठवायचं ठरलं. दस्तगीरभाई शिकलगार, म्हणजे तलवारी-कट्यारींना धार लावणारे. मुरगूडचे भिवाबा, पायताणं शिवणारे, आमच्यात सगळ्यांत वडील. आणि कुरुंदवाडचे बसाप्पा अण्णा, गुळाचे व्यापारी. ते मला ‘तम्मा’ म्हणायचे, कानडीत धाकटा भाऊ. मला इंग्रजी येत होतं, म्हणून दुभाषा मी. शिवाय तिघांना सुखरूप परत आणायची जबाबदारी माझीच!

त्या दिवसांत तिकडं धामधूम फार. कुठं मोर्चे, कुठं दगडफेक, कुठं कुणी बाँब टाकलेला. निघायच्या आधी आमच्या कचेरीतल्या वरच्या साहेबांनी मला समोर बसवून तीन नियम सांगितले. गर्दी दिसली की उलट्या वाटेनं जायचं. झेंडे दिसले की गल्लीत शिरायचं. पोलीस पळायला लागला की आपण उभं राहायचं.

बोटीवर मी रोज सकाळी तिघांकडून हे घोकून घ्यायचो. चौथ्या दिवशी भाईंनी विचारलं, “आन पोलीस उभा असला तर?”

“तर आपण गुमान चालायचं.”

“म्हंजे पोलिसाच्या उलटं करायचं! मग आमच्या गल्लीतली निम्मी पोरं ह्यात तयारच हायत की. उगं आमास्नी कशाला आणलं?”

*

फ्रान्सात बोटीतून उतरून रेल्वेनं पुढं जायचं होतं. एका शहरात गाडी बदलायची होती, मध्ये दोन तास मोकळे. स्टेशनासमोर एक झकपक उपाहारगृह होतं. मी टेबल धरलं, खुर्च्या ओढल्या, आणि अण्णांनी नाकाला उपरणं लावलं.

“तम्मा, हितं मटणाचा वास मारतोय. मी न्हाय बसणार.”

“अण्णा, नुसता चहा घ्यायचाय.”

“चहाला बी वास लागतोय.”

दहा मिनिटं भांडलो. शेवटी चरफडत रस्त्यापलीकडच्या बाकावर जाऊन बसलो आणि गावाकडचं भडंग सोडलं. पहिला घास तोंडात गेला असेल नसेल, समोर कानठळ्या बसवणारा आवाज झाला! उपाहारगृहाच्या काचा रस्त्यावर आल्या. आत धूर. कुणीतरी कुठल्याशा अधिकाऱ्यासाठी तिथं बाँब ठेवला होता, हे मागनं कळलं.

मला नियम आठवला. “उलट्या वाटेनं!” असं ओरडत मी पळत सुटलो. कोपऱ्यावर थांबून मागं बघतो, तर माझ्यामागं कुणीच न्हाय!

धापा टाकत परत आलो. भाई आपला फेटा टराटरा फाडून एका वाढप्याचा हात बांधत होते. भिवाबांनी एक लहान मुलगी उचलून बाहेर आणली होती; ती रडत होती आणि हे तिला मुरगुडी बोलीत गप करत होते. आणि वास मारतो म्हणून जे बसले नव्हते, ते अण्णा आत धुरात गुडघे टेकून एका म्हातारीला गूळपाणी पाजत होते.

मी आवाज चढवला. “तुम्हाला काय शिकवलं होतं? उलट्या वाटेनं जायचं होतं ना?”

भाईंनी मान वर न करता सांगितलं, “तू गेलास की! एक जण तरी नियमानं वागला, बास झालं.”

*

लंडनला पोचल्यावर पहिल्याच रविवारी तिघं गायब. प्रदर्शनाच्या आवारात न्हायत, बिऱ्हाडी न्हायत. तासभर शोधलं, तेव्हा सापडले. एका लांबलचक मोर्चाच्या मधोमध! पुढं बँड, मागं पांढऱ्या पोशाखातल्या शेकडो बायका, हातात झेंडे, आणि त्यांच्यात आमचे दोन फेटे आणि एक टोपी डुलत चाललेली.

मी घुसून अण्णांचा हात धरला. “हे काय चाललंय?”

“वरात हाय तम्मा. अर्ध्या कोसापास्नं नवरदेव हुडकतोय, गावंना!”

तेवढ्यात फुटपाथवरनं कुणी टवाळानं अंडं भिरकावलं, ते नेमकं अण्णांच्या छातीवर फुटलं. अण्णा जागच्या जागी थिजले. “अय्यो! ह्यांच्यात लग्नात अंडी मारत्यात व्हय?”

आता मला समजावून सांगणं भाग होतं. “ही वरात नव्हे. बायका मतं मागताहेत. राज्य कुणी चालवायचं ते सांगायचा हक्क मागताहेत.”

भिवाबांनी विचार केला. “त्यो आपल्याला हाय व्हय?”

“न्हाय.”

“मग हात सोड की! अजून थोडं चालूया.”

*

पुढं ह्या बायकांचं प्रकरण चिघळत गेलं. टपालाच्या पेट्या जळायला लागल्या, पोलीस येईल-जाईल त्याला हटकायला लागले. एकदा एका जाडजूड जमादारानं भाईंनाच अडवलं. भाईंच्या काखेत लाकडी पेटी.

“हा काय काम करतो?” त्यानं मला विचारलं.

भाई छाती काढून म्हणाले, “सांग त्याला, हत्यारांना धार लावतो. सात पिढ्या.”

पेटीत तीन कट्यारी होत्या. मी घाम पुसला आणि सांगितलं, “साहेब, हा न्हावी आहे.”

जमादारानं गाल खाजवला. म्हणाला, सकाळपासून ड्यूटीवर आहे, दाढी राहिलीय. आणि आम्हाला शेजारच्या चौकीत नेऊन खुर्ची ओढून बसला की! मी भाईंच्या कानात सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, की चौथी कट्यार तीच. मग जमादाराचाच वस्तरा घेतला, आपल्या दगडावर चार हात मारले, आणि त्याची दाढी अशी केली की तो अर्धं मिनिट नुसता गालावरनं हात फिरवत राहिला.

बाहेर आल्यावर भाईंचा स्फोट झाला. “खोटारड्या! मला न्हावी केलास?”

“भाई, न्हाव्याची पेटी कुणी उघडत न्हाय.”

तीन दिवस भाई माझ्याशी बोलले न्हाईत. चौथ्या दिवशी बोलावं लागलं. जमादार आणखी दोघांना घेऊन आला होता!

*

अण्णांच्या गळ्यात चांदीची लिंबाएवढी डबी असायची. लिंगायत माणूस, त्या डबीत त्यांचं इष्टलिंग. जीव गेला तरी गळ्यातनं निघायचं न्हाय.

एकदा राजवाडा बघायला गेलो, तर फाटकावर झडती चालू होती, आदल्याच आठवड्यात बाँब सापडलेला. पोलिसाला सदऱ्याखाली काहीतरी गोल, टणक लागलं. तो दोन पावलं मागं सरकला, शिट्टी वाजली, तिघं धावत आले.

“काय आहे त्यात?”

“सांग, देव हाय,” अण्णा म्हणाले.

मी सांगितलं. त्यांच्या साहेबाला काही उमजेना. “उघडा,” तो म्हणाला.

“असं रस्त्यावर उघडत न्हाईत. बघायचं असंल तर बूट काढा, टोपी काढा, हात धुवा. आन शिवायचं न्हाय!”

मी चाचरत भाषांतर केलं. वाटलं, आता चौघं तुरुंगात. अण्णांनी डबी दोन्ही हातांत धरलेली, डोळ्यांत पाणी, पण मान ताठ. साहेब त्यांच्याकडं बघत राहिला. काय मनात आलं कुणास ठाऊक, खाली वाकून त्यानं बुटाची नाडी सोडली. मागनं बाकीच्यांनीही. नळावर हात धुतले आणि भर थंडीत मोज्यांवर ओळीनं उभे राहिले. अण्णांनी डबी उघडून दाखवली, मिटली, आणि सगळ्यांच्या कपाळाला विभूती लावली.

आतल्या फाटकावर पुन्हा झडती होती. पण तिथल्या पोलिसानं आमच्याकडं बघितलंच न्हाय. तो आपल्या साहेबाच्या कपाळाकडं बघत होता!

*

प्रदर्शन संपायच्या सुमाराची एक दुपार. बाहेर बायकांवर पोलीस घोडी घालत होते, आरडाओरडा ऐकू येत होता. तेवढ्यात एक बाई लंगडत आमच्या गाळ्यात शिरली. चाळिशीची असेल, शाळेत शिकवणारी वाटावी अशी. बुटाची टाच मोडलेली, घोटा सुजलेला. भिवाबांनी तिला आपल्या पाटावर बसवलं, बूट अलगद काढला, बोटांनी माप घेतलं आणि मांडलेल्या रांगेतला लाल गोंड्याचा जोड तिच्या पायांत घातला. तिनं इंग्रजीत आभार मानले. भिवाबांनी हात कपाळाशी नेऊन रामराम केला. ती गेली.

आठ दिवसांनी एक इन्स्पेक्टर आला. कागदात गुंडाळलेलं एकच पायताण त्यानं टेबलावर ठेवलं. लाल गोंड्याचं. बायकांनी एका मोठ्या दुकानाच्या काचा फोडल्या होत्या, तिथं सापडलं म्हणे.

“विचार त्याला, हे त्याचं काम आहे का? कुणाला दिलं?”

मी भिवाबांना विचारलं. भिवाबांनी पायताण हातात घेतलं, उलटं केलं, वाकवलं, शिवणीवरनं अंगठा फिरवला. तीन महिने हा माणूस येईल त्याला सांगत होता, की असा टाका साऱ्या मुलखात दुसऱ्या कुणाला जमत न्हाय.

“छ्या!” भिवाबा म्हणाले. “असलं भिकार काम माझं न्हाय. शिवण बघा की, आंधळ्यानं घातल्यागत. चामडं कच्चं, तळ वाकडा. हे घालून कोण चालंल?”

मी शब्द न शब्द भाषांतर केलं. इन्स्पेक्टरनं भिवाबांच्या मागं बोट दाखवलं. तिथं लाल गोंड्याची तश्शीच पायताणं ओळीनं मांडलेली.

“मग ती?”

भिवाबांनी मागं वळूनही बघितलं न्हाय.

“ती बी माझी न्हायत.”

इन्स्पेक्टरनं रांगेकडं बघितलं. मग भिवाबांच्या रंगानं काळ्या पडलेल्या बोटांकडं. वही मिटली. जाताना मला म्हणाला, “त्याला सांग, काम सुरेख आहे.” पायताण तिथंच राहिलं.

“काय म्हणाला?” भिवाबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी फेट्याच्या शेमल्यानं त्या पायताणाचा चिखल पुसला आणि ते रांगेत सगळ्यांत पुढं मांडलं. एकटंच.

उरलेले दिवस येणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी थांबायचा. “ह्याची जोडी कुठं आहे?”

मी भिवाबांना विचारायचो. आणि भिवाबा दर वेळी हातातलं काम न थांबवता सांगायचे, “फिरायला गेलीया!”