चाकात कापूस भरून पहिला आलो!

मंडळी, अजून छाती धडधडतेय! आज सकाळी उमापूर ते गेवराई सायकलींची शर्यत होती. पहिला येईल त्याला हैदराबादची एक सायकल कंपनी पगारी शर्यतवाला म्हणून ठेवणार होती.

मी सगळ्यांच्या लई पुढं होतो. अर्ध्या वाटंत बाभळीचा काटा घुसला अन् मागच्या चाकातली हवा गेली. मी रस्त्यातच रडायला बसलो.

शेतात कापूस वेचणारी एक मावशी धावत आली. "कावून रडतोस? गादी भरतोत तसं चाक भरू की!" टायर उचकटून तिनं ओटीतला सगळा कापूस आत ठासला.

सायकल लई जड चालली, पण पहिला मीच आलो!

आता हैदराबादला निघायचंय, तर सगळे म्हणतायत, कापूस काढ, हवा भर. मला मावशीचा कापूस काढवंना. तुमी काढला असता का?