भंडाऱ्याची थाळी

राजकारणावर मतं ठोकून देण्यात आमच्या कंपनीत माझा हात धरणारा कुणी नव्हता. मी चितेगावच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसचा कारकून. सकाळची पाळी आत गेली की गेटवर बसून पेपर मोठ्यानं वाचायचा आणि पुढाऱ्यांची सालटी काढायची, हेच माझं खरं काम. ऐकायला मुंजाबा. गेटवरचा वॉचमन, साठीला टेकलेला, पूर्वीचा मेंढपाळ. अंगावर कंपनीची खाकी, पण डोक्याला स्वतःचा लाल पटका. तो काढ म्हणून साहेबांनी दोनदा नोटीस दिली. याला वाचता येत नसल्यानं दोन्ही वाया गेल्या.

त्र्याण्णव साली दिल्लीतल्या एका बड्या नेत्याचं नाव कसल्याशा सौद्यातल्या लाचेत आलं. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. पेपरात त्याचा छातीवर हात ठेवलेला फोटो आणि खाली ‘मी निर्दोष आहे’. माझं मत दररोज बदलत होतं. मुंजाबा फोटो बघायचा आणि म्हणायचा, "खोटं बोलतोय."

"कशावरून?"

"हात बघा की. खरं बोलणाऱ्याला हाताचं भान नसतंय. ह्यानं आदी हात ठिवला, मग तोंड उघडलं."

वॉचमनकी करून नजर बरीच तयार झाली म्हणायची, असं मी म्हणालो. तो हसला नाही.

दिवाळीनंतर तोच नेता शहरात आला. आमखास मैदानावर दुपारची सभा ठरली. मेंढपाळाच्या हातून नेत्याला घोंगडी द्यायची आणि स्टेजवरच नेत्यानं बेलभंडारा उचलायचा, असं आयोजकांनी ठरवलं होतं. बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन खंडोबाच्या नावानं जे बोलायचं, ते खोटं असून चालत नाही. लोकांचा विश्वास बसवायला याहून चांगलं काय? आमच्या मॅनेजरनं हौसेनं मुंजाबाचं नाव दिलं.

"घोंगडी देतो," मुंजाबा म्हणाला, "पण भंडाऱ्याला म्या हात लावत नाय."

हे खरंच होतं. चंपाषष्ठीला गेटवर भंडारा उधळून तळी भरायची, तेव्हा तो हात पाठीमागं बांधून लांब उभा राहायचा. पण मॅनेजरपुढं वॉचमनचं किती चालणार? भंडाऱ्याला हात लावू नको, नुसती थाळी धर, अशी तोड निघाली. सोबतीला मला धाडलं.

स्टेजवर नेत्याच्या कानात कुणीतरी सगळं समजावलं. त्यानं थाळीतून मूठभर भंडारा उचलला, कॅमेऱ्यांकडं तोंड केलं आणि आपण एक पैसा खाल्लेला नाही, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग त्यानं मुंजाबाचा खांदा थोपटला. खाकीवर पिवळी बोटं उमटली.

मुंजाबा खाली उतरला, तरी थाळी हातातच.

"माझ्यासंगं चला," तो म्हणाला. "एकट्याचा पाय उचलायचा नाय."

विद्यापीठाच्या रस्त्यानं चालता चालता त्यानं सांगितलं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. मुंजाबाची मेंढरं तेव्हा खतासाठी गावातल्या एका मळ्यात बसवलेली होती. मळ्याला लागून बौद्धांची घरं. त्यातलं एक साहेबरावाचं, मुंजाबाच्या जिवाभावाच्या दोस्ताचं. दिवेलागणीला मळ्याचा मालक आणि त्याचे दोन भाऊ टेंभे घेऊन गेले. घर पेटलं. साहेबरावाची बायको कडूबाई धुरातून ओरडली, मुंजाबादादा, पाणी आणा. मुंजाबा बांधावरच्या लिंबाखाली उभा होता. तो हलला नाही.

कडूबाईनं पोलिसांना साक्षीदार म्हणून त्याचंच नाव सांगितलं. गावानं आधी त्याला खंडोबाच्या देवळात नेलं. त्यानं बेलभंडारा उचलला आणि सांगितलं, मी त्या दिवशी गावातच नव्हतो. पोलिसांनाही तेच सांगितलं. केस मिटली.

"आदी हात ठिवला, मग तोंड उघडलं," तो म्हणाला. "मेंढरं इकली, कंपनीत आलो. पण पाळीचा भोंगा वाजून थांबला ना, का तिची हाक येती. पंधरा वर्सं, रोज. आज त्या मानसात म्या मलाच बघितलं."

मला त्याची किळस आली. रोज ज्याच्या शेजारी बसून मी जगाला शिव्या घातल्या, तो हा होता. तरी मी त्याच्याबरोबर चालत राहिलो.

गाव सोडून शहरात आलेली कडूबाई विद्यापीठामागच्या वस्तीत, पत्र्याच्या खोलीपुढं तांदूळ निवडत होती. केस पांढरे झालेले. तिनं मुंजाबाला ओळखलं, पण बस म्हणाली नाही.

"वैनी," मुंजाबा म्हणाला, "त्या दिशी म्या मळ्यातच हुतो. तिघांला जाताना बघितलं. देवळात खोटं बोललो."

तो आता नावं सांगू लागला. तिनं हातानंच थांबवलं.

"नावं मला ठाव हायेत," ती म्हणाली. "गाव मला खोटी म्हणलं. पोलीस म्हणले. साहेबराव दोन सालाखाली गेले, ते बी जाताना म्हणले, धुरात तुला भास झाला असंल, मुंजाबा असता तर आला असता. म्या व्हय म्हणले. पुढं पुढं मला बी वाटाया लागलं, का आपुन येडीच झालो हुतो."

सूप तिनं बाजूला ठेवलं.

"दादा, एकच सांगा. म्या हाक मारली हुती का?"

मुंजाबानं थाळी जमिनीवर ठेवली. आता हात कुठं ठेवावे, हे त्याला सुचत नव्हतं.

"व्हय वैनी," तो म्हणाला. "तीनदा."