नाव तेवढा रवला

आचऱ्याच्या एसटीत शेजारी एक निवृत्त खलाशी बसले होते. मी काही विचारलं नव्हतं, तरी खिडकीच्या गजावर बोट आपटत ते एकेक बंदर आठवू लागले.

"पैशाक स्पेनात दिनेरो म्हणतत, पोर्तुगालात दिन्येरू, इटलीत देनारो. सगळ्यांचा मूळ एकच, रोमचा जुना नाणा, देनारियस. नाणा गेला, राजे गेले, नाव तेवढा रवला."

"उतरणार कुठे?" मी विषय बदलला.

"गलबतवाल्यांच्या घराकडे. गलबत आज्याच्या वेळेकच बुडाला."

थोड्या वेळाने कंडक्टर ओरडला, "गलबतवाले!"

ते उतरले. तिथे घर नव्हतं, गवतातलं नुसतं जोतं होतं. पायरीपाशी त्यांनी चपला काढल्या, मग वर चढले.